युद्धकाळातला प्रचार आणि तो घडवणारी माणसं: या विषयावरचे माहितीपट बघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रचारपट वेगळा आणि प्रचारपटावरचा माहितीपट वेगळा, असं का म्हणता? दोन्हींत दृश्यं तर तीच असतात.

दृश्यं तीच असतात, म्हणूनच तर गोंधळ होतो. १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यात रांगेने चालणारे सैनिक तुम्ही दूरचित्रवाणीवर शंभर वेळा पाहिले असतील. बहुतेक वेळा ते निवेदकाच्या वाक्यांखाली भराव म्हणून येतात: "हिटलर सत्तेवर आला" म्हटलं की मशाली आणि झेंडे. पण ती दृश्यं नाझी पक्षाने पैसे खर्चून, कॅमेऱ्याच्या जागा आधी ठरवून, स्वतःला जसं दिसायचं होतं तशी काढून घेतली होती. खालचं निवेदन कितीही टीकेचं असो, डोळ्यांना दिसतं ते त्यांनी ठरवलेलंच. चांगला माहितीपट इथे थांबतो आणि विचारतो की हे कोणी चित्रित केलं, कोणाच्या हुकमावरून, आणि चौकटीबाहेर काय ठेवलं. या पानावर ज्या माहितीपटांबद्दल लिहिलं आहे ते सगळे हा प्रश्न विचारतात.

एकच बघायचा असेल तर कोणता?

याएल हर्सोन्स्की या इस्रायली दिग्दर्शिकेचा 'अ फिल्म अनफिनिश्ड' (२०१०). आम्ही नेहमी हाच सांगतो.

मे १९४२ मध्ये जर्मन चित्रीकरण पथक पोलंडमधल्या वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, शिरलं आणि साधारण महिनाभर चित्रीकरण करत राहिलं. भिंतीआड कोंडलेल्या ज्यूंची संख्या एका टप्प्यावर चार लाखांहून जास्त होती. माणसं उपासमारीने आणि टायफसने रस्त्यात मरत होती. युद्धानंतर या चित्रीकरणाची रिळं पूर्व जर्मनीच्या संग्रहात सापडली. सुमारे तासाभराचा, आवाज नसलेला, अर्धवट जोडलेला चित्रपट होता तो. पुढची कित्येक वर्षं इतिहासकार आणि दिग्दर्शक त्यातले तुकडे घेट्टोतल्या जगण्याचा अस्सल पुरावा म्हणून वापरत राहिले.

मग १९९८ मध्ये आणखी एक रीळ मिळालं, टाकून दिलेल्या टेक्सचं. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा. चांगले कपडे घातलेल्या बायका खाटकाच्या दुकानात शिरतात, बाहेर फाटक्या कपड्यांतली मुलं उभी, बायका त्यांच्याकडे न बघता निघून जातात. आणि हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा करून घेतलेलं. एखाद्या टेकमध्ये चौकटीत चुकून दुसरा कॅमेरावालाही दिसून जातो. श्रीमंत ज्यू आपल्याच उपाशी भावंडांकडे ढुंकून बघत नाहीत, हे दाखवायला सगळं रचलं होतं.

हर्सोन्स्कीने काय केलं ते बघण्यासारखं आहे. तिने घेट्टोतून वाचलेल्या काही वृद्धांना चित्रपटगृहात एकेकटं बसवलं आणि ही रिळं दाखवली. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर पडतो, कोणी डोळे झाकून घेतं, कोणी ओळखीचं कुणी दिसतंय का ते शोधतं. सजवलेल्या घरात टेबलावर फूल ठेवलेलं दिसतं तेव्हा एक बाई म्हणतात की घेट्टोत फूल कुठलं, असतं तर आम्ही ते खाल्लं असतं. त्या एका उद्गारात रचलेला प्रसंग उघडा पडतो.

ही दृश्यं रचलेली आहेत हे फक्त त्या टाकलेल्या टेक्समुळे कळलं का?

नाही. घेट्टोच्या ज्यू परिषदेचा प्रमुख अडाम चेर्न्याकुफ रोजनिशी लिहीत असे. ३ मे १९४२ च्या नोंदीत तो लिहितो की प्रचारखात्याची माणसं सकाळी त्याच्या कचेरीत आली, अर्जदार आणि रब्बी आत येत असल्याचा प्रसंग करून घेतला, भिंतींवरची चित्रं आणि तक्ते उतरवले आणि टेबलावर नऊ फांद्यांची दीपदानी सगळ्या मेणबत्त्या पेटवून ठेवली. रोजनिशीतली ही नोंद आणि पडद्यावरचं ते दृश्य माहितीपटात एकत्र येतात. २२ जुलैला घेट्टोतून ट्रेब्लिंका मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी चेर्न्याकुफने आत्महत्या केली. म्हणजे चित्रीकरण झालं ते कत्तलीच्या जेमतेम दोन महिने आधी.

तिसरा साक्षीदार खुद्द एक कॅमेरामन आहे, विली विस्ट. युद्धानंतर त्याची जबानी घेतली गेली होती. माहितीपटात ती एका अभिनेत्याकडून बोलवून घेतली आहे. काहींना हा नाट्यमय भाग खटकतो. आम्हाला तो आवश्यक वाटतो, कारण ज्याच्या डोळ्याला कॅमेरा लागलेला होता त्याचं म्हणणं एरवी कुणी ऐकवलंच नसतं.

लेनी रिफेनश्टालवर इतके माहितीपट का झाले?

कारण ती १०१ वर्षं जगली, शेवटपर्यंत बोलत राहिली, आणि दर वेळी स्वतःची तीच गोष्ट सांगत राहिली: मी कलावंत होते, राजकारण मला कळत नव्हतं.

१९०२ मध्ये बर्लिनमध्ये जन्म, आधी नर्तकी, मग पर्वतपटांतली नायिका, मग दिग्दर्शिका. १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावरचा 'ट्रायम्फ ऑफ द विल' (१९३५) आणि बर्लिन ऑलिंपिकवरचा 'ऑलिंपिया' (१९३८) हे तिचे चित्रपट चित्रपटशिक्षणात आजही दाखवले जातात. मेळाव्यासाठी तिच्या हाताखाली सुमारे १७० माणसं होती. झेंड्याच्या उंच खांबाला चक्क लिफ्ट बसवून कॅमेरा वर-खाली नेला होता. "मी जे घडलं ते फक्त टिपलं", असं ती म्हणत असे. पण हिटलरचा वास्तुविशारद अल्बर्ट स्पेअर आठवणींत लिहितो की काही पुढाऱ्यांच्या भाषणांचं चित्रीकरण बिघडलं म्हणून सभागृहाचा भाग बर्लिनच्या स्टुडिओत उभारून ती भाषणं पुन्हा करून घेतली. तिने हे नाकारलं.

बघायचेच तर दोन माहितीपट लागोपाठ बघा. राय म्युलरचा १९९३ चा, तीन तासांचा: नव्वदीची रिफेनश्टाल कॅमेऱ्यासमोर स्वतःच दिग्दर्शन करू बघते, प्रश्न आवडला नाही की चिडते, आणि संकलनाच्या टेबलावर बसून आपले जुने शॉट्स दाखवताना तिचा चेहरा उजळतो. म्युलर तिला बोलू देतो आणि तिच्या बोलण्यातल्या फटी आपोआप दिसतात. दुसरा आंद्रेस फायलचा 'रिफेनश्टाल' (२०२४). तिचा नवरा २०१६ मध्ये वारल्यानंतर तिचा सगळा खाजगी संग्रह, जवळपास ७०० खोकी, प्रशियन सांस्कृतिक वारसा प्रतिष्ठानकडे आला. पत्रं, टेलिफोनवरच्या बोलण्याच्या ध्वनिफिती, आत्मचरित्राचे खर्डे. फायलने या खोक्यांतून तिचीच कागदपत्रं तिच्या मुलाखतींसमोर ठेवली. १९७६ मध्ये एका जर्मन दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिच्यासमोर तिच्याच पिढीची, नाझींना विरोध केलेली एक कामगार स्त्री बसवली होती. कार्यक्रमानंतर रिफेनश्टालला पाठिंब्याची पत्रं आणि फोन यांचा पाऊस पडला, आणि ते सगळं तिने जपून ठेवलं होतं. युद्ध संपून तीस वर्षं झाल्यानंतरचा तो जर्मन समाज ऐकताना अंगावर काटा येतो.

पण तिला खरंच काही माहीत नसेल, हे शक्य नाही का?

दोन गोष्टी बघा आणि मग ठरवा.

सप्टेंबर १९३९ मध्ये ती युद्ध चित्रित करायला पोलंडला गेली होती. कोन्स्किए या गावात जर्मन सैनिकांनी ज्यू नागरिकांना गोळ्या घातल्या, तेव्हा ती तिथे होती. तिचा भेदरलेला चेहरा दाखवणारा त्या दिवशीचा फोटो उपलब्ध आहे. म्हणजे "माहीत नव्हतं" हे निदान १९३९ नंतर तरी टिकत नाही.

दुसरी गोष्ट 'टिफलांड' या तिच्या चित्रपटाची. स्पॅनिश गावकऱ्यांच्या भूमिकांसाठी तिने साल्झबुर्गजवळच्या माक्सग्लान आणि बर्लिनच्या मार्त्सान इथल्या छावण्यांतून शंभराहून अधिक सिंती आणि रोमा (एरवी 'जिप्सी' म्हटली जाणारी) माणसं आणली, त्यात लहान मुलंही होती. पुढे त्यांतल्या अनेकांना ऑश्वित्झच्या मृत्युछावणीत धाडलं गेलं. नीना ग्लाडित्झ या दिग्दर्शिकेने १९८२ मध्ये यावर माहितीपट केला आणि जिवंत राहिलेल्यांना बोलतं केलं. रिफेनश्टालने तिला कोर्टात खेचलं. बहुतेक मुद्दे ग्लाडित्झच्या बाजूने गेले, पण ऑश्वित्झबद्दल रिफेनश्टालला काय ठाऊक होतं या दाव्यावर न्यायालयाने आक्षेप घेतला. ग्लाडित्झ तो भाग कापायला तयार झाली नाही आणि तो माहितीपट वाहिनीच्या कपाटात जाऊन पडला. आमच्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त अन्याय झाला तो पडद्यावर बोललेल्या त्या रोमा माणसांवर. त्यांची साक्ष दोनदा दाबली गेली. २००२ मध्ये, शंभरी गाठताना, "त्या सगळ्यांना मी युद्धानंतर भेटले, कुणालाही काही झालं नाही" हे विधान रिफेनश्टालला मागे घ्यावं लागलं.

तरी कला म्हणून 'ट्रायम्फ ऑफ द विल' थोर आहे, हे मान्य करायला काय हरकत आहे?

तंत्र थोर आहे, हे मान्य. पण तो पूर्ण बसून बघा. पहिल्या वीस मिनिटांनंतर तो फार कंटाळवाणा होतो: रांगा, भाषण, रांगा, भाषण. त्याची कीर्ती निवडक तुकड्यांवर उभी आहे. आणि त्या तंत्राचा उपयोग कशासाठी झाला ते बाजूला ठेवून तंत्राचं कौतुक करता येतं, असं आम्हाला वाटत नाही. चौकटीत एक माणूस आणि त्याच्यापुढे हजारो बिनचेहऱ्याच्या आकृत्या, हीच त्या चित्रपटाची रचना आहे आणि हाच त्याचा विचार आहे.

कैद्यांकडूनच प्रचारपट करून घेतला, हे खरं आहे का?

खरं आहे. त्या माणसाचं नाव कुर्ट गेरॉन. १९२८ मध्ये बर्लिनच्या रंगभूमीवर 'थ्रीपेनी ऑपेरा'त गाजलेला नट आणि गायक, १९३० च्या 'द ब्ल्यू एंजल'मध्ये मार्लेन डीट्रिशबरोबर काम केलेला. ज्यू असल्यामुळे १९३३ नंतर देश सोडावा लागला, नेदरलँड्समध्ये पकडला गेला आणि आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या टेरेझिनच्या छावणीत आला.

२३ जून १९४४ ला रेड क्रॉसचे प्रतिनिधी टेरेझिन बघायला आले. त्याआधी घरं रंगवली, बाग केली आणि गर्दी कमी दिसावी म्हणून हजारोंना ऑश्वित्झला पाठवून दिलं. पाहुणे समाधानाने परतले. मग हेच नाटक फिल्मवर घ्यायचं ठरलं आणि दिग्दर्शनाचं काम गेरॉनवर आलं. ऑगस्ट-सप्टेंबर १९४४ मध्ये चित्रीकरण झालं. उरलेल्या सुमारे वीस मिनिटांच्या तुकड्यांत फुटबॉलचा सामना आहे, वाचनालय आहे, हान्स क्रासाच्या 'ब्रुंडिबार' या बालऑपेरात गाणारी मुलं आहेत. ती मुलं फार छान गातात. चित्रीकरण संपल्यावर काही आठवड्यांतच गाड्या सुटल्या. क्रासा आणि गेरॉन दोघेही ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑश्वित्झला गेले आणि मारले गेले. गेरॉनची गाडी २८ ऑक्टोबरची, टेरेझिनहून ऑश्वित्झला गेलेली शेवटची. चित्रपटाचं संकलन त्याच्याशिवायच प्राग शहरात पुरं झालं.

त्याच्यावरचा 'प्रिझनर ऑफ पॅरडाइज' (२००२) ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला होता. त्याने नकार द्यायला हवा होता का, असा प्रश्न आमच्याकडे दर वेळी येतो. मृत्यूच्या गाडीची यादी ज्यांच्या हातात होती त्यांनी दिलेला हुकूम होता तो. रिफेनश्टालपुढे निवड होती, गेरॉनपुढे नव्हती. 'प्रचारपटाचा दिग्दर्शक' या एका खणात दोघांना टाकू नका.

गोबेल्सबद्दल काय बघावं?

गोबेल्स मार्च १९३३ मध्ये प्रचारमंत्री झाला. नाझी काळात बनलेल्या साधारण १,२०० कथापटांपैकी बहुसंख्य विनोदी, संगीतमय, प्रेमकथा अशा स्वरूपाचे होते. लोकांनी चित्रपटगृहात आनंदाने यावं आणि मुख्य चित्रपटाआधीचा साप्ताहिक वार्तापट बघावा, हा हिशेब होता. म्हणून केवळ भाषणं दाखवणारे माहितीपट अपुरे वाटतात.

'अ जर्मन लाइफ' (२०१६) मात्र बघाच. गोबेल्सच्या कचेरीत लघुलेखिका असलेली ब्रुनहिल्ड पोम्सेल शंभरी ओलांडल्यावर कॅमेऱ्यासमोर बसली. काळी पार्श्वभूमी, सुरकुत्यांनी भरलेला चेहरा अगदी जवळून, आणि ती बोलतेय: पगार चांगला होता, कचेरी सुंदर होती, साहेब नीटनेटके होते. मधूनच तिची ज्यू मैत्रीण येते, जी पुढे नाहीशी झाली. प्रचारयंत्रणा कोण चालवत होतं, तर सकाळी वेळेवर कामावर येणारी अशी माणसं.

इंग्रज आणि अमेरिकनांनी प्रचार केला नाही का? की जेत्यांचं सगळं माफ?

केला, भरपूर केला. 'फाइव्ह केम बॅक' (२०१७) ही तीन भागांची मालिका त्यावरच आहे. जॉन फोर्ड, फ्रँक काप्रा, विल्यम वायलर, जॉन ह्यूस्टन आणि जॉर्ज स्टीव्हन्स, हॉलिवूडचे पाच दिग्दर्शक गणवेश चढवून युद्धावर गेले. काप्राने न्यूयॉर्कमध्ये 'ट्रायम्फ ऑफ द विल' पाहिला आणि हादरला. मग अमेरिकी लष्करप्रमुख जनरल मार्शलच्या आदेशावरून केलेल्या 'व्हाय वुई फाइट' या सात चित्रपटांच्या मालिकेत त्याने शत्रूचीच दृश्यं कापून शत्रूविरुद्ध लावली. ह्यूस्टनचा इटलीतल्या सान पिएत्रोच्या लढाईवरचा चित्रपट अनेक वर्षं प्रत्यक्ष रणांगणावरचा म्हणून वाखाणला गेला. त्यातली बरीचशी लढाई नंतर सैनिकांकडून पुन्हा करून घेतलेली आहे.

फरक कुठे पडतो, तर याच ह्यूस्टनने १९४६ मध्ये युद्धातून मनाने मोडून आलेल्या सैनिकांवर 'लेट देअर बी लाइट' केला. लष्कराने तो दाबून टाकला, आणि १९८०-८१ मध्ये तो त्याच देशात लोकांसमोर आला. सरकारने दाबलं, हे वाईटच. पण दिग्दर्शक जिवंत राहिला, भांडत राहिला आणि शेवटी चित्रपट दिसला.

मग छळछावण्यांचं दोस्त राष्ट्रांनी केलेलं चित्रीकरण हाही प्रचारच, असं कुणी म्हणालं तर?

हा प्रश्न हल्ली वाढलाय आणि त्याला सरळ उत्तर आहे: नाही. 'नाइट विल फॉल' (२०१४) बघा. एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतली बर्गेन-बेल्सन छावणी मुक्त झाल्यावर ब्रिटिश निर्माता सिडनी बर्नस्टीन तिथे गेला. लोक यावर विश्वास ठेवणार नाहीत हे त्याने तेव्हाच ओळखलं. आल्फ्रेड हिचकॉकचा सल्ला घेतला गेला आणि कॅमेरा न तोडता लांबलचक शॉट्सवर भर दिला गेला: प्रेतांच्या खड्ड्यापासून ते काठावर उभ्या केलेल्या स्थानिक जर्मन अधिकाऱ्यांपर्यंत एकाच शॉटमध्ये, म्हणजे दोन वेगळी दृश्यं जोडली असं कुणी म्हणू नये. वॉर्सात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा रचला गेला, इथे एकदाच आणि अखंड टिपला गेला. शिवाय कागदपत्रं, कबुल्या आणि हजारोंच्या साक्षी वेगळ्याच. बर्नस्टीनचा हा मूळ चित्रपट ब्रिटनने राजकीय सोयीसाठी १९४५ मध्येच बासनात गुंडाळला आणि लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमने तो जवळपास सत्तर वर्षांनी पुरा केला.

आपल्याकडे, म्हणजे मुंबईत, युद्धकाळात काय चाललं होतं?

बरंच काही, आणि त्यावर भरीव माहितीपट व्हायला हवा असं मनापासून वाटतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केलं. जे. बी. एच. वाडिया त्यात होते, व्ही. शांताराम काही काळ मुख्य निर्माते होते, नंतर एझ्रा मीर आले. १९४३ मध्ये त्या जागी 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' आणि 'इंडियन न्यूज परेड' आले. भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक चित्रपटगृहाला हे लघुपट दाखवणं सक्तीचं झालं. एकीकडे 'छोडो भारत'मुळे पुढारी तुरुंगात, बंगालमध्ये दुष्काळ, आणि पडद्यावर भरतीचं आवाहन. त्यामुळे या संस्थेबद्दल राग होता आणि १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने तिचा निधी तोडला. संस्था बंद पडली. परिणाम असा की १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा टिपायला सरकारचं स्वतःचं पथकच नव्हतं.

१९४८ मध्ये मुंबईतच फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली, पुष्कळशी त्याच अनुभवी माणसांच्या बळावर. चित्रपटाआधी वार्तापट दाखवण्याची सक्तीही स्वतंत्र भारतात पुढे चालू राहिली. सिनेमा सुरू होण्याआधी कृष्णधवल समाचारचित्र बघितलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. पूर, धरण, पंतप्रधानांचा दौरा आणि शेवटी खेळ. त्या सवयीचं मूळ युद्धकाळातल्या नियमात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

जर्मनीत काही जुने चित्रपट अजून बंद आहेत म्हणे?

बंद नाहीत, अटींवर दाखवले जातात. युद्धानंतर दोस्तांनी तीनशेहून जास्त चित्रपटांवर बंदी घातली होती, आज साधारण चाळीस राखीव आहेत. ज्यूद्वेष भडकवणारा 'यूड झ्यूस' (१९४०) त्यांतलाच. सुमारे दोन कोटी लोकांनी तो पाहिला आणि एसएस या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर याने आपल्या दलाला आणि पोलिसांना तो बघण्याचा हुकूम दिला होता. आधी माहिती द्यायची, नंतर चर्चा करायची, तरच दाखवायचा. फेलिक्स म्योलरच्या 'फॉरबिडन फिल्म्स' (२०१४) मध्ये अशा खेळांनंतरच्या चर्चा आहेत. काही प्रेक्षक चिडतात, आणि काहींवर चित्रपटाचा परिणाम झालेला स्पष्ट दिसतो. म्हणून आमचं मत अटी ठेवाव्यात असंच आहे. म्योलरनेच 'यूड झ्यूस'चा दिग्दर्शक फाइट हारलान याच्या मुला-नातवंडांवर २००८ मध्ये माहितीपट केला. हारलानची पहिली बायको डोरा गेर्सन ज्यू होती, ती १९४३ मध्ये ऑश्वित्झमध्ये मारली गेली. हारलानवर युद्धानंतर खटला झाला आणि तो सुटला.

शाळकरी मुलांना दाखवावेत का?

नववीपासून पुढे, आणि मोठं माणूस शेजारी असेल तर. छावण्यांची दृश्यं असलेले माहितीपट आधी स्वतः बघा. 'फाइव्ह केम बॅक'पासून सुरुवात सोपी जाते.

माहितीपट विश्वासार्ह आहे की नाही, घरी बसून कसं ताडायचं?

आधी आवाज ऐका. युद्धकाळातलं पुष्कळ चित्रीकरण मुकं होतं. बुटांचा खडखडाट, तोफांचा गडगडाट बहुधा नंतर घातलेला असतो. मग रंग बघा: मूळ रंगीत आहे की आता संगणकावर रंगवलंय, हे सांगितलंय का? आणि जर्मन बाजूची रणांगणावरची दृश्यं आली की लक्षात ठेवा, ती बहुतेक जर्मन सैन्याच्या प्रचार-तुकड्यांतल्या कॅमेरामननी घेतलेली आहेत. त्यांच्यात जर्मन सैनिक थंडीने कुडकुडणारा किंवा पळ काढणारा क्वचितच दिसतो. हे जो माहितीपट सांगत नाही, त्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही जरा जपून बघा.

हे सगळं कुठे मिळेल?

'फाइव्ह केम बॅक' नेटफ्लिक्सने बनवली आहे. 'व्हाय वुई फाइट' आणि सान पिएत्रोचा चित्रपट अमेरिकी सरकारी निर्मिती असल्याने खुले आहेत, इंटरनेटवर सहज सापडतात. टेरेझिनच्या चित्रपटाचे उरलेले तुकडे वॉशिंग्टनच्या हॉलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहेत. सान पिएत्रो बघताना सुरुवातीलाच एक करा: गोळीबाराच्या दृश्यात कॅमेरा कुठे उभा आहे ते शोधा. सैनिक शत्रूकडे धावत असताना कॅमेरा त्यांच्या पुढे, शत्रूच्या बाजूला असेल, तर तो तिथे कसा पोचला हे विचारा.